वेबसॉकेटची ती दोन वर्षे

वेबसाठी नवा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम, आणण्याचा विषय निघाला की वेबसॉकेटचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांना एकाच जोडणीवरून दोन्ही बाजूंनी केव्हाही बोलू देणाऱ्या प्रोटोकॉलचा, दाखला हटकून दिला जातो आणि वेबट्रान्सपोर्ट या त्याच प्रकारच्या नव्या तंत्राच्या चर्चेतही तो दिला जात आहे. एक बाजू म्हणते की २००९च्या डिसेंबरात क्रोममध्ये वेबसॉकेट चालू झाले होते, लोक ते वापरू लागले होते, मग ते मानके ठरवणाऱ्या मंडळींच्या हाती पडले, त्यांनी दोन वर्षे खल केला आणि २०११च्या डिसेंबरात आरएफसी ६४५५ (इंटरनेटची मानके ज्या क्रमांकित दस्तऐवजांत निघतात त्यांना आरएफसी म्हणतात) या नावाने जे बाहेर आले ते मुळापेक्षा अवजड होते. दुसरी बाजू म्हणते की एका बलाढ्य कंपनीने अर्धाकच्चा मसुदा लाखो लोकांच्या संगणकांवर आधीच टाकून दिला होता, त्यामुळे मानक ठरवणाऱ्यांच्या हाती शिक्का मारण्यापलीकडे फारसे काही उरले नव्हते. दोन्ही बाजूंना ती दोन वर्षे म्हणजे वेग आणि सत्ता यांची रस्सीखेच वाटते. त्या काळात नेमका कोणता दोष सापडला, तो कोणाला बाधणार होता आणि त्यावरचा उपाय असा विचित्र का निघाला, हे उघडून पाहण्याची तसदी मात्र कोणीच घेत नाही. माझे म्हणणे असे आहे की ती दोन वर्षे सत्कारणी लागली. मानक ठरवण्याच्या प्रक्रियेची खरी किंमत ज्या एका गोष्टीत आहे, ती त्या काळात घडली. ज्यांना या प्रोटोकॉलचे नावही ठाऊक नव्हते, पण ज्यांच्या यंत्रांतून तो जाणार होता, त्यांची बाजू तिथे विचारात घेतली गेली.

वेबचा मूळ संवाद विचारणा आणि उत्तर एवढाच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये घडवलेल्या एचटीटीपीच्या १९९१च्या रूपात विनंती एका ओळीची असे: ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे आणि जोडणी तोडायची. सर्व्हरला आपणहून काही कळवण्याची सोय नव्हती, आणि कागदपत्रे वाचण्यासाठी बांधलेल्या व्यवस्थेत ती नसणे रास्तही होते. पुढे वेबवर गप्पा आल्या, खेळ आले, क्षणाक्षणाला बदलणारे भाव आले, एकाच मजकुरावर अनेकांनी एकाच वेळी काम करणे आले, तेव्हा ही उणीव बोचू लागली आणि आडमार्ग निघाले. ब्राउझरने दर काही सेकंदांनी ‘काही नवीन आहे का?’ असे विचारत राहायचे, किंवा एकदा विचारल्यावर सर्व्हरने उत्तर मुद्दाम रोखून धरायचे आणि बातमी आली की सोडायचे. २००६ साली अ‍ॅलेक्स रसेल यांनी या सगळ्या क्लृप्त्यांना ‘कॉमेट’ असे एक नाव दिले. त्या चालत होत्या, पण दोन अक्षरांच्या निरोपासाठी दर खेपेला शेकडो बाइटची हेडर, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळी, जात-येत होती आणि प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी युक्ती करावी लागत होती.

एचटीएमएल५च्या मसुद्याचे संपादक इयन हिक्सन यांनी त्यात सुरुवातीला ‘टीसीपीकनेक्शन’ नावाची सोय कल्पिली होती. २००८च्या जूनमध्ये मायकेल कार्टर आणि इतर विकासकांशी झालेल्या चर्चेत तिचे रूप पालटले आणि हिक्सन व कार्टर यांच्या बोलण्यातून ‘वेबसॉकेट’ हे नाव ठरले. कल्पना साधी होती. जोडणीची सुरुवात एचटीटीपीच्या नेहमीच्या विनंतीने करायची, म्हणजे तेच पोर्ट आणि तीच दारे वापरता येतील. त्या विनंतीत ‘आता बोलण्याची रीत बदलू या’ असे सुचवायचे. सर्व्हरने १०१ क्रमांकाचे उत्तर देऊन होकार दिला की तीच जोडणी दोन्ही बाजूंना बोलण्यासाठी मोकळी झाली. सुरुवातीच्या मसुद्यातली निरोपाची चौकट तर याहून सोपी होऊच शकली नसती: आरंभी शून्य किमतीचा बाइट, मग यूटीएफ-८मधला मजकूर, शेवटी २५५ किमतीचा बाइट. कोणीही एका संध्याकाळी बसून सर्व्हर लिहावा, इतके ते सोपे होते. क्रोमने याच टप्प्यावर ते चालू केले. ज्यांनी तेव्हा हाताळले त्यांना नंतरची भर अवडंबर का वाटते, हे मला कळते.

पण ही जोडणी जाते कुठून? ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये कित्येक ठिकाणी प्रॉक्सी बसवलेले असतात. संस्थांचे असतात, इंटरनेट पुरवणाऱ्यांचे असतात, आणि त्यांतले काही असे असतात की वापरणाऱ्याला ते मध्ये आहेत याचा पत्ताही नसतो. जाणारी-येणारी एचटीटीपी वाहतूक वाचायची आणि वारंवार मागितल्या जाणाऱ्या गोष्टींची प्रत आपल्या कॅशेमध्ये ठेवायची, हे त्यांचे काम. आता असा एक जुना प्रॉक्सी घ्या, ज्याला ‘रीत बदलू या’ या हेडरचा अर्थ कळत नाही. त्याच्या दृष्टीने एक विनंती झाली, एक उत्तर आले, विषय संपला. यापुढे या जोडणीवरून जे येईल ती दुसरी एचटीटीपी विनंती. एखाद्या दुष्ट माणसाने आपल्या पानावरच्या स्क्रिप्टमधून आपल्याच सर्व्हरशी वेबसॉकेट जोडले आणि ‘निरोप’ म्हणून असा मजकूर पाठवला की जो अक्षरशः एखाद्या नामांकित संकेतस्थळाच्या स्क्रिप्टची मागणी वाटेल, तर काय होईल? प्रॉक्सी त्या मागणीत लिहिलेले संकेतस्थळाचे नाव वाचेल. उत्तर हल्लेखोराच्या सर्व्हरकडून येईल, कारण जोडणी त्याच्याशीच आहे. पण काही प्रॉक्सी ते उत्तर कॅशेमध्ये नामांकित संकेतस्थळाच्या नावाने जपून ठेवतील. तिथून पुढे त्या प्रॉक्सीमागचा जो जो माणूस ते संकेतस्थळ उघडेल, त्याच्या ब्राउझरमध्ये हल्लेखोराची स्क्रिप्ट चालेल. त्या माणसाने वेबसॉकेट वापरलेले नसेल, संशयास्पद पान उघडलेले नसेल, त्याच्या हातून कोणतीही चूक झालेली नसेल.

२०१०च्या अखेरीस विद्यापीठातल्या आणि उद्योगातल्या पाच संशोधकांनी हा धोका प्रत्यक्ष मोजून, आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या वेबसॉकेटवर काम करणाऱ्या कार्यगटापुढे ठेवला. जाहिरातींच्या जागा विकत घेऊन त्यांनी हजारो लोकांच्या ब्राउझरमधून, तेव्हा सर्रास असलेल्या फ्लॅश आणि जावा या जोडसाधनांच्या मदतीने, तशाच प्रकारच्या जोडण्या करून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी काही बिघडले नाही, पण मोजक्या प्रॉक्सींमध्ये कॅशे खरोखरच विषारी झाली. त्या डिसेंबरात मोझिलाने फायरफॉक्स ४च्या चाचणी आवृत्तीतून वेबसॉकेट बंद केले आणि ऑपेरानेही तसेच केले. ज्या तंत्राची वर्षभर वाहवा चालली होती, ते दोन ब्राउझरांनी आपल्या हाताने काढून ठेवले. माझ्या मते वेबच्या इतिहासातल्या जबाबदार निर्णयांत याची गणना व्हायला हवी, आणि तरीही वेबसॉकेटची कथा सांगताना तो ‘मधला अडथळा’ म्हणून उरकला जातो.

पुढे जो उपाय ठरला तो मास्किंगचा. ब्राउझरकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे निरोपाच्या प्रत्येक पुडक्यासाठी, चार बाइटची एक नवी यादृच्छिक किल्ली घ्यायची आणि निरोपाचा प्रत्येक बाइट त्या किल्लीच्या बाइटशी एक्सॉर करून, म्हणजे दोन्हींचे बिट ताडून जिथे ते वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ० लिहून, पाठवायचा. मानकातच दिलेले उदाहरण समोर ठेवतो. ‘हॅलो’ या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे म्हणजे ७२, १०१, १०८, १०८, १११ हे पाच बाइट. किल्ली आहे ५५, २५०, ३३, ६१. पहिला बाइट पहिल्या किल्लीशी, दुसरा दुसरीशी, असे करत पाचव्यासाठी पुन्हा पहिली किल्ली. तारेवर जाते ते १२७, १५९, ७७, ८१, ८८. किल्ली फ्रेमच्या सुरुवातीलाच उघडी लिहिलेली असते, त्यामुळे यात गुप्तता कसलीच नाही. सर्व्हर तीच क्रिया उलटी करून शब्द परत मिळवतो. मग याचा उपयोग काय? उपयोग इतकाच की पानावरच्या स्क्रिप्टला ती किल्ली आधी कळू शकत नाही. त्यामुळे तारेवर नेमके कोणते बाइट उमटतील हे हल्लेखोराच्या हातात राहत नाही, आणि मधल्या अडाणी प्रॉक्सीला फसवण्यासाठी एचटीटीपीच्या विनंतीसारखी दिसणारी अक्षरे त्याला हवी तशी जुळवता येत नाहीत. मानक याबाबत कमालीचे कडक आहे: मास्क न केलेली फ्रेम ब्राउझरकडून आली तर सर्व्हरने जोडणी तोडलीच पाहिजे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तत्त्वाचा आहे. दोष प्रॉक्सींचा होता. नियम धाब्यावर बसवून लिहिलेल्या काही मोजक्या यंत्रांसाठी जगातल्या प्रत्येक ब्राउझरने आणि प्रत्येक सर्व्हरने, प्रत्येक निरोपाच्या प्रत्येक बाइटवर, कायमचा कर का भरावा? बिघडलेली यंत्रे त्यांच्या मालकांनी दुरुस्त करावीत. नव्याने घर बांधणाऱ्याने शेजाऱ्याच्या पडक्या भिंतीचा खर्च का उचलावा? हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही, कारण दोषी कोण हे ठरवायचे असेल तर उत्तर प्रॉक्सी हेच आहे. परंतु प्रोटोकॉल आखणाऱ्यासमोर दोषी ठरवण्याचा प्रश्न नसतो. इजा कोणाला होईल आणि ती टाळणे कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न असतो. ते प्रॉक्सी वर्षानुवर्षे तसेच चालू होते आणि त्यांच्या दोषामुळे साधे पान वाचणाऱ्याला काही होत नव्हते. नवा प्रोटोकॉल आल्यावरच त्या दोषाचे हत्यार झाले. ज्याच्या कॅशेमध्ये विष जाणार होते त्या मालकाला हे कळण्याचा मार्ग नव्हता आणि त्याच्यामागे बसलेल्या वाचकाला तर प्रॉक्सी आहे हेही माहीत नव्हते. भिंत शेजाऱ्याची पडकी आहे हे मान्य, पण आपण पाया खणल्यामुळे ती त्याच्या मुलांवर कोसळणार असेल तर आधार आपणच द्यायला नको का? आणि करही केवढा? चार बाइट आणि आजच्या प्रोसेसरला जवळजवळ न जाणवणारी एक क्रिया. ‘फार थोडे प्रॉक्सी सदोष होते’ हा युक्तिवादही इथे लटका पडतो. एका प्रॉक्सीमागे एक माणूस नसतो, एक अख्खी संस्था असू शकते, आणि हल्लेखोराला सगळे प्रॉक्सी लागत नाहीत, एक पुरतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. जोडणी एन्क्रिप्टेड असेल, म्हणजे टीएलएसवरून जात असेल, तर मधल्या प्रॉक्सीला आतले काही वाचताच येत नाही. मग मास्किंगचा खटाटोप करण्याऐवजी वेबसॉकेट फक्त टीएलएसवरच चालेल असा नियम का केला नाही? आज हा मार्ग उघड दिसतो. २०१५ साली एचटीटीपी/२ आले तेव्हा प्रमुख ब्राउझरांनी ते टीएलएसवरच चालवायचे ठरवले, आणि त्याबद्दल आता कोणी तक्रार करत नाही. मात्र २०१०च्या जगाकडे २०१०च्या डोळ्यांनी पाहायला हवे. बहुसंख्य संकेतस्थळे तेव्हा उघडी चालत. सार्वजनिक वाय-फायवर शेजारी बसलेल्याच्या कुकी, म्हणजे संकेतस्थळाने त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा, उचलून त्याच्या नावाने लॉगिन करणे किती सोपे आहे, हे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फायरशीप नावाच्या एका छोट्या जोडसाधनाने जगाला दाखवले होते. प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागत, आणि मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची सेवा सर्वांसाठी खुली व्हायला २०१५चा डिसेंबर उजाडावा लागला. २०१०मध्ये टीएलएसची सक्ती केली असती तर ज्याच्याजवळ पैसा आणि माहीतगार माणसे आहेत त्यालाच वेबसॉकेट मिळाले असते. बाकीचे ‘काही नवीन आहे का?’ असे विचारत बसले असते, किंवा त्यांनी जुने असुरक्षित मसुदेच गुपचूप चालवले असते. म्हणजे इथेही प्रश्न गैरहजर असलेल्यांचाच होता. फक्त या वेळी ते छोटे संकेतस्थळ चालवणारे होते. एक गोष्ट मात्र निखालस मान्य करतो: मानकाने मास्किंग टीएलएसवरही सक्तीचे ठेवले, आणि तिथे त्याची गरज फारच कमी होती. एकच नियम सर्वत्र असावा, म्हणजे अंमलबजावणीत चुका कमी होतील, हे त्यामागचे कारण समजण्याजोगे असले तरी किंमत खरी आहे.

आता वेगवाद्यांचा मुद्दा. ते विचारतील की क्रोमने ते आधी चालू केले नसते तर दोष सापडला असता का? कागदावरचा प्रोटोकॉल सुंदरच दिसतो, ठेच लागते ती रस्त्यावर चालताना. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि इतिहासही त्यांच्या बाजूने आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने संगणकांच्या जाळ्यांसाठीचा सात थरांचा ओएसआय आराखडा १९८४ साली प्रसिद्ध केला. त्यामागे सरकारे होती, दूरसंचार खाती होती, जाडजूड दस्तऐवज होते. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने मात्र १ जानेवारी १९८३ रोजीच टीसीपी/आयपी या आजच्या इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचा स्वीकार केला होता, आणि ज्याचा कोड चालत होता तेच जगभर पसरले. इंटरनेटच्या रचनाकारांपैकी एक डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ साली आयईटीएफच्या सभेत राजे, अध्यक्ष आणि मतदान नाकारून ढोबळ सहमती आणि चालता कोड यांवर विश्वास ठेवण्याची जी भूमिका मांडली, ती याच अनुभवातून आली होती. पण त्या सूत्राला दोन पाय आहेत आणि वेगवादी मंडळी नेहमी एकाच पायावर उभे राहून बोलतात. चालता कोड हा पुरावा असतो, आणि पुरावा सादर झाला म्हणून निकाल लागत नाही. प्रयोग म्हणून चालू करणे आणि कायमचे बसवून टाकणे यांत फरक आहे; तो पुसला गेला की काय होते, याचे उदाहरण एचटीटीपीच्याच पोटात आहे. वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या ‘रेफरर’ या हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमधून एक अक्षर गळाले. १९९६ साली एचटीटीपी/१.०चे आरएफसी १९४५ निघाले तेव्हा ती चूक सर्वत्र पसरलेली होती आणि दुरुस्त करणे अशक्य होते. आजही अब्जावधी विनंत्यांमधून ते चुकलेले स्पेलिंग तसेच जाते. ते अक्षर निरुपद्रवी आहे, पण विषारी कॅशे निरुपद्रवी नव्हती.

रेल्वेच्या रुळांची गोष्ट मला इथे फार बोलकी वाटते. ब्रिटनमध्ये जॉर्ज स्टीफन्सन यांनी रुळांमधले अंतर ४ फूट साडेआठ इंच ठेवले, तर ब्रुनेल यांनी ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी ७ फूट पाव इंच. १८४५ साली नेमलेल्या आयोगापुढे चाचण्या झाल्या तेव्हा ब्रुनेल यांच्या रुंद रुळांवरची गाडी वेगात सरस ठरली. तरीही निकाल अरुंद रुळांच्या बाजूने गेला, कारण ते १,९०१ मैल पसरलेले होते आणि रुंद रूळ २७४ मैल. दोन्ही रूळ जिथे भेटत त्या ग्लॉस्टरला तोवर एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवावा लागे. कायदा १८४६ साली झाला, पण रुंद रुळांचा शेवटचा तुकडा बदलायला १८९२ उजाडले. आधी पसरले ते टिकले, गुणावगुणांचा निवाडा मागे पडला. वेबसॉकेटच्या बाबतीत हे घडले नाही, याकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष होते. आधी पसरलेले मसुदे तिथे खरोखर फेकून दिले गेले. शून्य आणि २५५च्या चौकटीचा मसुदा गेला. त्यानंतरच्या मसुद्यात हँडशेकसाठी, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखीसाठी, दोन किल्ल्यांमधले आकडे एकत्र करून त्यांना त्यांतल्या रिकाम्या जागांच्या संख्येने भागायचे आणि हेडर संपल्यावर आणखी आठ बाइट पाठवायचे, अशी अवघड रीत होती. मधल्या काही सर्व्हरांना ते आठ बाइट पुढे ढकलायचे असतात हेच कळत नसे. तोही गेला. आज प्रत्येक वेबसॉकेट जोडणीच्या सुरुवातीला ब्राउझर आवृत्तीचा क्रमांक पाठवतो तो १३ असतो. मानकाची ही पहिलीच आवृत्ती, पण मागे टाकलेल्या मसुद्यांची मोजदाद त्या आकड्यात राहिली आहे. ‘शिक्का मारण्यापलीकडे काही उरले नव्हते’ असे म्हणणाऱ्यांनी या आकड्याचा अर्थ सांगावा. ज्या कंपनीने घाई केली तिलाही आपला कोड पुनःपुन्हा लिहावा लागला, आणि हे शक्य झाले ते रूळ अजून १,९०१ मैल झाले नव्हते म्हणूनच. दोन वर्षांऐवजी पाच वर्षे गेली असती तर कदाचित जमले नसते, हेही कबूल केले पाहिजे. संथपणा हा स्वतः काही गुण नव्हे.

उरतो तो सर्वांत गंभीर संशय. आयईटीएफला औपचारिक सभासदत्व नाही, मतदान नाही, कोणीही येऊन बोलू शकतो, हे सारे खरे. पण वर्षातून तीनदा भरणाऱ्या सभांना येणारे आणि रोजचे तास मसुद्यांवर घालवणारे लोक बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या पगारावर असतात. मग गैरहजरांची बाजू मांडली जाते असे मी कोणत्या तोंडाने म्हणतो? शिवाय मानकात लिहिले म्हणून ब्राउझर ऐकतातच असेही नाही. कुकींचा इतिहास बोलका आहे. १९९७च्या आरएफसी २१०९मध्ये स्पष्ट म्हटले होते की वापरणाऱ्याने स्वतः न निवडलेल्या तिसऱ्याच सर्व्हरच्या कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत. जाहिरात व्यवसायाला ते नको होते, प्रमुख ब्राउझरांनी ते पाळले नाही, आणि २०११च्या आरएफसी ६२६५ने अखेर प्रत्यक्षात जे चालते त्याचीच नोंद केली. तिथे गैरहजर वाचक हरला आणि त्याची किंमत आपण सगळे आजवर मोजत आहोत. म्हणून प्रक्रिया आपोआप न्याय देते असा माझा दावा नाही. दावा एवढाच आहे की ती आक्षेपाला नोंदवण्याची जागा देते, आणि नोंदवलेल्या आक्षेपाला उत्तर द्यावे लागते. कुकींच्या वेळी आक्षेप पैशाच्या आड आला. वेबसॉकेटच्या वेळी आक्षेपामागे मोजमाप होते आणि दोन ब्राउझर ते ऐकून थांबायला तयार होते. अशी जागा एखाद्या कंपनीच्या बंद दालनात असती का? तिथे हा दोष कदाचित सापडलाही असता, पण त्याचे काय केले हे बाहेरच्या कोणाला कळले नसते.

आणि मानक झाल्यावर आणखी एक गोष्ट हाती येते, जी मी स्वतः अनुभवली आहे. आरएफसी ६४५५ ७१ पानांचे आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाचा कोड न पाहता, केवळ त्या पानांवरून मी एक छोटा सर्व्हर लिहिला होता. ब्राउझरने पाठवलेल्या किल्लीला मानकात दिलेली ठरावीक अक्षरमाळ जोडायची, त्याचा एसएचए-१, म्हणजे गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, काढायचा आणि परत पाठवायचा, एवढे जमले, जोडणी झाली. पहिला निरोप आला तो मात्र नुसता कचरा. तासभर शोधल्यावर लक्षात आले की मी किल्लीचे चार बाइटही मजकूर समजून वाचत होतो. दुरुस्त केले आणि पडद्यावर पाठवलेला शब्द उमटला. त्या सर्व्हरशी नंतर तीन वेगवेगळे ब्राउझर बोलले, आणि ते लिहिणाऱ्या कोणालाही मला काही विचारावे लागले नाही की कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. २००९च्या मसुद्यावर सर्व्हर लिहिणाऱ्याच्या नशिबी हे नव्हते. त्याला पुढच्या प्रत्येक बदलाची वाट पाहत क्रोमच्या मागे धावावे लागत होते.

हे मानक निर्दोष आहे असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. दुसऱ्या संकेतस्थळावरचे पान तुमच्या कुकी घेऊन तुमच्या सर्व्हरशी वेबसॉकेट जोडू शकते. ते अडवण्यासाठी जोडणी कोणत्या संकेतस्थळावरच्या पानाने मागितली हे सांगणारे ‘ओरिजिन’ हे हेडर सर्व्हरने तपासायचे असते, आणि ही तपासणी मानकाने सर्व्हर लिहिणाऱ्यावर सोडली. कित्येकांनी ती केलीच नाही आणि त्यातून हल्ल्यांचा एक वेगळा प्रकारच जन्माला आला. या मुद्द्यावर कार्यगट अधिक कडक व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रक्रियेला मागे वळून आपली भर कमी करता येते, याचा दाखलाही आता आहे. २०१८च्या आरएफसी ८४४१ने वेबसॉकेट एचटीटीपी/२वरून चालवण्याची रीत ठरवली, तेव्हा हँडशेकमधली ती किल्ली आणि तिचे एसएचए-१ उत्तर काढून टाकले, कारण नव्या व्यवस्थेत त्यांचे काम दुसऱ्या मार्गाने होत होते. २०२२च्या आरएफसी ९२२०ने तीच रीत एचटीटीपी/३ला लावली. मास्किंग मात्र दोन्हीकडे जसेच्या तसे राहिले आहे. एचटीटीपी/३ तर एन्क्रिप्शनशिवाय चालतच नाही. तिथे मधल्या प्रॉक्सीला फसवण्याजोगे काही दिसतच नाही, तरीही प्रत्येक बाइट चार बाइटच्या किल्लीशी एक्सॉर होऊन जातो. २०१०मध्ये मास्किंगच्या बाजूने जी कारणे होती ती या ठिकाणी लागू नाहीत, आणि ज्यांना ते पहिल्यापासून अनावश्यक वाटत आले आहे त्यांनी आता तक्रार करण्याऐवजी त्याच कार्यगटांपुढे मसुदा ठेवावा: जोडणी एन्क्रिप्टेड असेल आणि दोन्ही बाजूंनी तसे मान्य केले असेल तर मास्किंग वगळता यावे. मोजमाप कसे करायचे हे २०१०च्या त्या पाच जणांनी दाखवून ठेवले आहे. कोणत्या वाटेवर अजूनही कोणते जुने यंत्र बसले आहे आणि त्याच्यामागे कोण आहे, ते आधी तपासावे, आकडे मांडावेत. ते आकडे अनुकूल निघाले तर मास्किंग काढण्याच्या बाजूने मी असेन.